पार्टी फिरली

घर घ्यायला निघालेल्या माणसाचं मन बदललं, की सगळ्यात आधी त्याच्या फोनची बॅटरी उतरते. मग त्याच्या भागातली रेंज जाते. मग तो सारखा मीटिंगमध्ये असतो, तेही रविवारी सकाळी. परवापर्यंत रात्री साडेदहाला फोन करून ‘काका, गॅलरीतली जाळी ठेवणार की काढून नेणार?’ असं विचारणारा हा माणूस आज मेसेजवर दोन निळ्या रेघा उमटवतो आणि गप्प बसतो. विकणारा म्हणतो, बिचारा कामात असेल. एजंटाला मात्र लगेच वास येतो. तो मान खाजवत म्हणतो, “काका, पार्टी जरा थंड वाटतेय.”

इस्टेट एजंटांच्या जगात माणसं राहत नाहीत, पार्ट्या राहतात. घेणारा पार्टी, विकणारा पार्टी, घेणाऱ्याचा सासरा ही आणखी वेगळी पार्टी. पार्टी आधी जेन्युइन असते, मग फॅमिलीवाली असते, बैठक झाली की गरम होते, बँकेत अडकली की थंड पडते आणि एके दिवशी फिरते. ‘पार्टी फिरली’ असं एजंट सांगतो तेव्हा त्यात कुणाचाच दोष नसतो. पाऊस पडला, वीज गेली, पार्टी फिरली.

मी कोथरूडमधल्या एका जुन्या सहकारी गृहरचना संस्थेचा सेक्रेटरी. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र दोन्ही विंगच्या. पण या खुर्चीतून सदनिका विकली कशी जाते आणि विकता विकता राहते कशी, हे फार जवळून दिसतं. सदनिका विकायला संस्थेच्या ना हरकत दाखल्याची गरज नाही, असं आदर्श उपविधींत स्पष्ट लिहिलंय. बँकेने ते उपविधी वाचलेले नसल्यामुळे तिला दाखला लागतोच. त्यामुळे प्रत्येक घेणारा एकदा तरी माझ्यासमोर येऊन बसतो, ‘सोसायटी फार शांत आहे हो’ म्हणतो आणि पार्किंगचं विचारतो. त्यातले किती परत दिसत नाहीत, याचा हिशेब कपाटातल्या न्यायला न आलेल्या दाखल्यांवरून लागतो.

कायदा या बाबतीत माणसाला ओळखून आहे. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो, की विक्रीचा नुसता करार झाला म्हणून घेणाऱ्याला त्या घरात कसलाही हक्क मिळत नाही. म्हणजे टोकन दिलं, पेढे खाल्ले, गृहिणीने खिडक्यांची मापं घेऊन पडदे शिवायला टाकले, तरी घर जिथल्या तिथेच असतं. आपल्याकडे स्वप्नात दिलेल्या शब्दापायी हरिश्चंद्राने राज्य सोडलं, बायको-मुलाला विकलं, शेवटी स्वतःला विकलं. त्याच्या गोष्टीवर आपला पहिला चित्रपट निघाला तो १९१३ साली. तेव्हापासून आपण तो मोठ्या आदराने पाहतो आणि नोटरीकडून शिक्का मारून आणलेल्या कागदावरून खुशाल फिरतो. त्या कागदाचा स्टँपही २०२४ मध्ये शंभराचा पाचशे झाला. शब्द महाग करण्याचा सरकारने आपल्या परीने केलेला तो प्रयत्न असावा.

बिल्डरकडून नवं घर घेणाऱ्यांना तरी सरकारने दरपत्रक लावून दिलंय. महारेराच्या २०२२ च्या नमुना वाटपपत्रात पंधरा दिवसांत नाही म्हटलं तर कपात शून्य, मग उशीर होईल तशी ती वाढत वाढत दोन टक्क्यांपर्यंत. मला हे दरपत्रक फार आवडतं. मन बदललं याबद्दल त्यात दंड नाही, उशिरा कळवलं याबद्दल आहे. रिसेलच्या फ्लॅटला मात्र असलं काही लागू नाही. तिथे माणूस, एजंट आणि देव.

म्हणून मग तिथे कारणं लागतात.

घर नाकारण्याचं खरं कारण आजवर माझ्या टेबलासमोर एकानेही सुखासुखी सांगितलेलं नाही. खरी कारणं तीनच असतात: दुसरं स्वस्तात मिळालं, हप्त्याची भीती वाटली किंवा बायकोला पहिल्यापासूनच नको होतं. यातलं तिसरं तर लग्नाइतकंच जुनं. पण सांगायची कारणं वेगळी ठेवलेली असतात. ज्याने वडिलांचं श्राद्ध कधी केलं नाही त्याला अचानक पितृपक्ष आठवतो. पितृपक्ष संपला की चातुर्मास शिल्लक असतोच. कुणाची कंपनी त्याला रातोरात कॅनडाला पाठवते. तो पुढे चार महिन्यांनी कर्वे रस्त्यावर पावभाजी खाताना दिसतो. कुणाच्या आईला जिना चढवत नाही. आई घर बघायला आली होती तेव्हा ती आमच्या लिफ्ट नसलेल्या बी विंगचे तीन मजले माझ्या पुढे चढून गेली होती, पण तेव्हा तिला हे कारण होणार असल्याची कल्पना नव्हती.

आणि या सगळ्या कारणांचा राजा म्हणजे वास्तुशास्त्र. त्याच्यापुढे युक्तिवाद चालत नाही. भिंतीला ओल आहे म्हटलं तर विकणारा गवंडी आणतो. पैसे कमी पडताहेत म्हटलं तर थांबायला तयार होतो. दाराचं तोंड दक्षिणेला आहे म्हटल्यावर तो काय करणार? इमारत फिरवणार?

आमच्या बी-७ मधल्या काकांच्या बाबतीत हेच झालं. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून वरचा फ्लॅट विकून वारज्याला लिफ्टच्या इमारतीत जायचं ठरलं. घेणारं जोडपं आयटीतलं, सुस्वभावी. ८० लाखांना बैठक झाली. टोकन दिलं. वकिलाने तीस वर्षांचा सर्च घेतला. वर्तमानपत्रात ती छोट्या टाइपातली जाहीर नोटीस आली, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरू होणारी, चौदा दिवसांत हरकत घ्या नाहीतर हक्क सोडून दिला असं समजू म्हणून बजावणारी. तमाम लोकांपैकी कुणीच हरकत घेतली नाही. बँकेचं कर्ज मंजूर झालं, माझा दाखला गेला, साठेखताचा मसुदा तीनदा दुरुस्त झाला. काकूंनी भांडी देऊन टाकायला सुरुवात केली. आणि नोंदणीच्या आदल्या आठवड्यात एजंटाने निरोप आणला: पार्टीच्या गावाकडचे गुरुजी म्हणतात, दक्षिणमुखी.

दार १९९४ पासून दक्षिणेलाच होतं. पार्टीने त्यातून आत-बाहेर करून पाहिलं होतं, मोबाइलवर फोटो काढले होते, टेपने मापं घेतली होती.

पुढे एजंटाच्याच तोंडून निसटलं, की गुरुजींचा सल्ला महिनाभर आधीचा होता. म्हणजे मन बदललं होतं तेव्हा, आणि सांगितलं आता. मधल्या काळात पार्टी गप्प होती, कारण ‘बघू, दुसरं जमलं नाही तर हे आहेच’. आणि नेमक्या त्या मधल्या काळात काकांनी वारज्याच्या फ्लॅटला स्वतःचं टोकन दिलं. तिकडच्या विकणाऱ्याने काकांच्या भरवशावर नाशिकला मुलीजवळ जागा ठरवली. नाशिकवाल्यानेही पुढे कुठे शब्द दिलाच असणार. कोथरूडच्या एका पार्टीने न बोललेल्या वाक्याचे धक्के थेट गोदावरीपर्यंत पोचले. पार्टीला यातलं काही माहीत नव्हतं, कारण पार्टी फोन उचलत नव्हती.

माझ्या मते गोम इथे आहे. घर आवडेनासं झालं, हा गुन्हा नाही. आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी आहे. माणूस भाजीवाल्यापुढेही तीनदा मन बदलतो. नोकरी जाते, बँक ऐनवेळी फ्लॅटची किंमतच कमी धरते, आधीच्या मालकाचा मूळ करार सापडत नाही. असल्या वेळी फिरणाऱ्याला कुणी बोल लावू नये. पण मन बदलल्यावर तोंड उघडेपर्यंत जेवढे दिवस जातात, त्या दिवसांत समोरचा आपली पुढची पावलं टाकत असतो. त्याचं बिल आपल्या नावावर फाटतं.

यावर पार्टीचं उत्तर ठरलेलं असतं: “टोकन सोडलं की आम्ही!”

हे वाक्य म्हणताना माणसाच्या चेहऱ्यावर गंगेत बुडी मारून आल्याचं समाधान असतं. जणू एक लाख रुपये सोडले, की काकांचा महिना, काकूंची भांडी, वारज्याचं गेलेलं टोकन, सगळं फिटलं. मुळात ते सोडलंच पाहिजे का, यावरही वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितलं, की रक्कम खरोखर विसार म्हणून दिलेली असेल आणि करारात तसं लिहिलेलं असेल, तर ती विकणाऱ्याला ठेवून घेता येते. नुसता किमतीचा आगाऊ हप्ता असेल तर तसं करता येत नाही. आपल्या विसारपावत्या लिहितो एजंटाचा पुतण्या, तोही स्कूटरच्या सीटवर. त्यात विसार कुठला आणि हप्ता कुठला हे ठरवायला न्यायालयच हवं. शिवाय ही पावती असेल तर. २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर आगाऊ रक्कम रोख घ्यायला मनाई आहे, पण शुभशकुनाचे एकावन्न हजार अजूनही लाल पाकिटातूनच येतात. व्यवहार मोडला की ते पाकीट दोघांपैकी एकालाच आठवतं.

आणि गंमत म्हणजे विकणाऱ्याने टोकन ठेवून घेतलं, तर २०१४ च्या बदलापासून ती रक्कम त्याचं ‘इतर स्रोतांतून मिळालेलं उत्पन्न’ धरली जाते आणि तिच्यावर प्राप्तिकर लागतो. काकांनी मनस्ताप भोगला, वारज्याला स्वतःचं टोकन घालवलं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. कमावलं ते मात्र दाखवावं लागलं. काकूंनी देऊन टाकलेली कढई वजावटीत चालेल का, असं काकांनी सीएला खरोखर विचारलं होतं.

माझा एक भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिथे दोन्ही बाजूंचे करार अदलाबदल होईपर्यंत कुणीही, केव्हाही, एक पैसा न भरता फिरू शकतो, आणि लोक फिरतातही. फ्रान्समध्ये घेणाऱ्याला प्राथमिक करारानंतर दहा दिवस मिळतात. तेवढ्यात नको म्हटलं तर कारण विचारायचं नाही. कारण विचारायचं नाही! आमच्या एजंटाला हे सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. म्हणाला, “काका, मग त्या बिचाऱ्या पार्ट्या बोलतात तरी काय?”

पळून जाणारी पार्टी मी एक वेळ समजू शकतो. मला खरा राग येतो तो न पळणाऱ्या पार्टीचा. हा नमुना पाहायचा तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं. खाली झेरॉक्सची दुकानं, जिन्यात साक्षीदार म्हणून धरून आणलेले मित्र, वर टोकन नंबरची वाट पाहत बसलेली माणसं. एका टेबलाशी छोटा कॅमेरा, त्याच्यासमोर प्रत्येकाचा फोटो पोलिसांनी नुकताच पकडल्यासारखा येतो. शेजारी अंगठ्याचं यंत्र. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे त्याला मान्य नसतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या बाईच्या बोटावर रेषा उरलेल्या नसतात, मग ओला रुमाल, मग डावा हात, मग ‘जोरात दाबा आजी’. अशा ठिकाणी, नंबर दोन माणसांवर आलेला असताना, घेणाऱ्याचा मेहुणा विकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. “एक पाच मिनिटं बाहेर येता का?”

मेहुणा हा या व्यवहारात आधी कुठेच नसतो. तो फक्त या पाच मिनिटांसाठी आणलेला असतो. बाहेर जिन्यात तो अत्यंत मायेने सांगतो, की बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात लीकेज दिसतंय, काम मोठं निघेल, तर तीन लाख ॲडजस्ट करा, नाहीतर भाऊजींचं मन होत नाहीये. विकणाऱ्याचं सामान टेम्पोत चढलेलं असतं, बायको नवी साडी नेसून आत बसलेली असते. दहातले आठ जण मान डोलावतात. याला मेहुणे मंडळी व्यवहार म्हणतात. आमच्या आजोबांच्या काळी याला दुसरा शब्द होता, तो छापता येत नाही.

आमच्या ए-११ मधल्या वहिनी उरलेल्या दोघांतल्या. जन्म कोषागारात नोकरी करण्यात गेला. त्यांनी मेहुण्याचं सगळं ऐकून घेतलं, पर्समधून चष्मा काढला आणि विचारलं, “चलन भरलंय ना तुम्ही? किती भरलं?”

पुण्यात पुरुषाच्या नावावर घर घ्यायचं तर मुद्रांक शुल्क, महापालिकेचा आणि मेट्रोचा भार धरून सात टक्के, वर नोंदणीचे तीस हजार. ८० लाखांवर पाच लाख नव्वद हजार. मेहुण्याला आकडा माहीत नव्हता, भाऊजींना होता.

“मग असं करा,” वहिनी म्हणाल्या, “परताव्याचा अर्ज मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. नमुना मी सांगते. मूळ चलन, रद्द का झालं त्याचं प्रतिज्ञापत्र, रद्द केलेला धनादेश. मधूनमधून जाऊन विचारत राहायचं, फाइल आपोआप हलत नाही. मी बत्तीस वर्षं त्या बाजूला बसलेली आहे. लिहून घेताय ना?”

नंबर पुकारला गेला तेव्हा भाऊजी मेहुण्याच्या आधी आत पोचले होते.

विकणारे काही संत नसतात. मार्च २०२२ मध्ये वनाजवरून मेट्रो धावायला लागली आणि आमच्या भागातल्या कित्येकांना आपलं घर आपण फारच स्वस्तात देऊन बसलोय असा साक्षात्कार झाला. टोकन घेतलेल्या एका गृहस्थांना ‘ही वास्तू आईची आठवण आहे’ असं वाटायला लागलं. पाच लाख वाढवून मिळाल्यावर आईची आठवण मनात ठेवायचं ठरलं. रिडेव्हलपमेंटची नुसती अफवा उठली, तरी विक्रीला काढलेले तीन फ्लॅट दुसऱ्या दिवशी विक्रीला नसतात. विकणारा फिरला तर टोकन दुप्पट परत द्यायचं, असं बैठकीत सगळे छातीठोकपणे सांगतात. दुप्पट परत घेतलेला माणूस मला अजून भेटायचाय. घेणारा कोर्टात जाऊन विक्री पुरी करून मागू शकतो, २०१८ च्या दुरुस्तीने त्याची बाजू आणखी भक्कम केली आहे. पण तोवर मुलीची शाळा सुरू होते, भाड्याचा करार संपतो, आणि बिचारा दुसरं घर बघायला लागतो.

साठेखत नोंदवून झाल्यावर फिरणारे तर वेगळ्याच धाडसाचे. नोंदणी झाली की इंडेक्स टू वर दोघांची नावं चढतात, आणि ती उतरवायची तर रद्दलेख करावा लागतो. त्यासाठी पुन्हा तेच कार्यालय, पुन्हा साक्षीदार, पुन्हा तो कॅमेरा, पुन्हा अंगठा. एकमेकांचं तोंड न पाहण्याची शपथ घेतलेली दोन कुटुंबं त्या बाकावर दीड तास मांडीला मांडी लावून बसतात, कारण एकाची सही कमी पडली तर दुसऱ्याचं घर तसंच अडकून राहतं. एकदा मी साक्षीदार म्हणून गेलो होतो. शेवटी कंटाळून दोन्ही बायकांनी एकमेकींना भिशीचं विचारलं.

अपवाद असतात. ए विंगमधल्या एका सौद्यात नर्सची नोकरी करणारी मुलगी आणि तिचा नवरा टोकन दिल्यानंतर चौथ्या दिवशी संध्याकाळी स्वतः दारात आले. एजंटाला मधे घेतलं नाही. म्हणाले, “आजोबा, आम्ही काल रात्री हप्त्याचा हिशेब पुन्हा मांडला. भीती वाटतेय. जमणार नाही. तुम्ही पुढे कुणाला शब्द देण्याआधी सांगायला आलो.” आजोबा भडकले, दहा मिनिटं बोलले, मग चहा झाला. टोकनचा धनादेश त्यांनी बँकेत टाकलाच नव्हता. तिथल्या तिथे परत दिला. त्या महिन्याअखेर त्यांना दुसरी पार्टी मिळाली. एजंट आजोबांवर अजून नाराज आहे. त्याच्या मते अशाने धंद्याची शिस्त बिघडते.

आणि बी-७ ची दक्षिणमुखी पार्टी? तिने घर घेतलं. आमच्याच भिंतीपलीकडच्या इमारतीत, तीन लाख कमी देऊन. त्या दोन्ही इमारती एकाच बिल्डरने एकाच नकाशावर बांधलेल्या आहेत, हे भागातल्या सगळ्यांना माहीत आहे.

वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी ते गृहस्थ आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आले. पाहुण्यांच्या चार गाड्या आमच्या आवारात लावायला परवानगी हवी होती. नेमके तेव्हा बी-७ चे काका मेंटेनन्सचा चेक द्यायला बसलेले. दोघांनी एकमेकांना ओळखलं. काकांनी चेक टेबलावर ठेवला आणि अगदी आपुलकीने विचारलं, “दार कुठल्या दिशेला आलंय हो?”

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये पाहिलं.

“तसं… दक्षिणेलाच आहे काका. पण गुरुजी म्हणाले, उंबऱ्याखाली तांब्याची पट्टी बसवली की चालतं.”

“अहो, मग मला सांगायचंत!” काका म्हणाले. “मी बसवून दिली असती. चारशे रुपयांची पट्टी!”

मी परवानगी दिली. गाडीमागे दोनशे रुपये, चार गाड्यांचे आठशे, आगाऊ. पावतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: कार्यक्रम रद्द झाल्यास परत मिळणार नाहीत.